राजदूताच्या डावीकडचा माणूस

त्यांच्याबद्दल सांगायचं तर खुर्च्यांपासून सुरुवात करावी लागते. टोरांटोच्या नॉर्थ यॉर्कमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुठलीही सभा असो, फ्लॅटमालकांच्या बोर्डाची, फायर ड्रिलची किंवा आमच्या महिला मंडळाची, काका अर्धा तास आधी पार्टी रूममध्ये हजर असायचे. अंगात करडा कोट, टाय, पायात स्नो बूट. रांगेत मांडलेल्या खुर्च्या ते एकेक करून उचलायचे आणि गोलात ठेवायचे. वय ब्याऐंशी. कोणी मदतीला गेलं तर म्हणायचे, "नको. कोण कुठं बसून भांडणार ते खुर्ची उचलताना कळतं. तू उचललीस तर तुला कळेल, मला नाही."

लोक हसायचे. मीही हसायचे. मी बोर्डाची सचिव होते आणि मंडळाचीही. बँकेत ऑपरेशन्स सांभाळते, त्यामुळे याद्या करणं हा माझा पेशा आहे आणि स्वभावही. काकांनी खुर्च्या हलवल्या की माझ्या यादीतली ‘खुर्च्या’ ही ओळ चुकीची ठरायची, एवढंच मला त्यातलं दिसायचं.

बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे ‘ॲम्बॅसिडर’ म्हणत. ते दर वेळी दुरुस्त करायचे. "मी कधीच राजदूत नव्हतो, बाय. फोटोत राजदूताच्या डावीकडं जो माणूस असतो ना, ज्याचा अर्धा खांदा कापलेला असतो, तो मी." काका वसईचे. घरी कॅथलिक देव्हारा, ख्रिसमसला स्वतः तळलेले गोड फुगे, आणि मराठी अशी की ‘बाय’ म्हटलं की आपण त्यांच्या अंगणात उभे आहोत असं वाटावं. पण वकिलातीच्या नोकरीत आयुष्य गेलं दार-ए-सलाममध्ये, लुसाकामध्ये आणि नंतर न्यूयॉर्कच्या समित्यांमध्ये. शेजारचे देश अजून स्वतंत्र झाले नव्हते, तिथल्या चळवळींची एका खोलीची कार्यालयं दार-ए-सलाममध्ये होती. त्या खोल्यांत जाऊन बसणं, त्यांचे अर्ज नीट भाषेत लिहून देणं, एकमेकांशी न बोलणाऱ्या गटांना एका कागदावर सही करायला लावणं, हे त्यांचं काम. बंदुका कुठून येतात हे त्यांना माहीत असायचं. बंदुका थांबल्यावर काय लिहायचं हे ते ठरवत बसायचे.

शांततेबद्दल ते कधी गहिवरून बोलले नाहीत. "शांतता म्हणजे कंटाळवाणी सभा," म्हणायचे. "जितकी कंटाळवाणी, तितकी माणसं जिवंत."

एकदा मी विचारलं, खुर्च्यांचं हे खूळ कुठून आलं. उत्तराआधी ते गप्प राहिले. ही त्यांची दुसरी सवय. प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजायचे आणि मगच बोलायचे. फोनवर वस्तू विकणारे लोक तेवढ्यात लाइन गेली समजून फोन ठेवून द्यायचे. दहा झाल्यावर त्यांनी सांगितलं की एकाच देशाचे दोन गट होते आणि आधी कोण बसणार यावर तीन दिवस अडून होते. आधी बसणारा लहान ठरणार होता. चौथ्या दिवशी काकांनी सगळ्या खुर्च्या अंगणात नेऊन ठेवल्या. उभ्यानं चाळीस मिनिटांत मसुदा झाला. "उभा माणूस विशेषणं वापरत नाही. पाय दुखतात."

सकाळी अकरा ते एक ते लॉबीत सायमनच्या डेस्कशेजारी स्वतःची घडीची खुर्ची टाकून बसत. सायमन आमचा सुपर, म्हणजे बिल्डिंगची सगळी देखभाल करणारा माणूस. मूळचा टांझानियाचा, चाळिशीतला. तळमजल्यावरचा त्याचा फ्लॅट नोकरीबरोबर मिळालेला होता. काका आले की ते आधी म्हणायचे, "शिकामू." सायमन ओशाळून "मराहबा" म्हणायचा. मला नंतर कळलं की ते स्वाहिलीतलं ‘शिकामू’ लहानानं मोठ्याला म्हणायचं असतं. ब्याऐंशीचा म्हातारा चाळिशीतल्या सुपरला रोज आधी नमस्कार करत होता. मी म्हटलं, "काका, उलटं आहे ना हे?" ते म्हणाले, "तिथं मी कोवळ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना पांढऱ्या दाढीच्या माणसांकडून सलाम घेताना पाहिलंय. काही वेळा मीही उभा राहून घेतलाय. तो फेडायचा राहिलाय."

सायमन खाली बॉयलर रूममध्ये असला की लोक त्याच्यासाठी निरोप काकांकडे ठेवायचे. चौदाव्या मजल्याचा नळ, नवव्याचं पार्सल. काका काहीही लिहून घेत नसत. एकही निरोप चुकला नाही.

आणि माझी सवय अशी की मी यादीत टिक आधी करते आणि काम मागून. आजच होणार असलेलं काम झाल्यासारखंच, असा माझा हिशेब. एकदा त्यांना फ्लूच्या लसीला नेत होते. गाडीत सिग्नलला थांबल्यावर मी ‘काका, लस’ या ओळीवर टिक केली. त्यांनी चष्म्यातून पाहिलं. "बाय, सुई अजून दिसली नाही आणि माझा दंड तुझ्या कागदावर दुखायला लागला."

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलेल्या शनिवारी बर्फाचं वादळ आलं. मी सकाळी सातला मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, कार्यक्रम पुढच्या शनिवारी, तीच वेळ. मग यादी काढली. तिळाचे लाडू डब्यात भरणे. वाणाचे डबे वर आणणे. पार्टी रूमसाठी सायमनला नवी तारीख कळवणे. तिन्हीवर टिक केली. लाडू भरले, डबे वर आणले. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, सर्व्हर बंद पडला होता. सायमनला कळवायचं राहिलं. राहिलं आहे हेही मला कळलं नाही, कारण कागदावर टिक होती.

पुढच्या शनिवारी साठ बायका लॉबीत उभ्या. पैठण्या, वर जाड पार्का जॅकेट, खाली विंटर बूट, बुटांतून वितळलेलं पाणी. पार्टी रूममध्ये फुगे लावलेले आणि सातव्या मजल्यावरच्या फिलिपिनो कुटुंबाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याची पार्टी चालू. नेने वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "अगं सचिवबाई, तू बुक केलं होतंस ना?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी पर्समधून यादी काढली आणि वर धरली. "हे बघा. सायमनला कळवलं होतं. टिक आहे."

सायमननं त्याची वही उघडली. पानं मागं-पुढं केली. "मॅम, इथं नाही दिसत," तो म्हणाला. मग माझ्या कागदाकडे बघून म्हणाला, "मे बी आय मिस्ड इट. सॉरी, मॅम."

मी म्हटलं, "इट्स ओके, सायमन."

मी त्याला माफ केलं, साठ जणींसमोर.

काका तोवर पार्टी रूममध्ये जाऊन आले होते. बाळाच्या आजीशी काय बोलले माहीत नाही. परत येऊन म्हणाले, "चला, सगळ्यांनी एक-एक खुर्ची बाहेर काढा. बसायचं नाही कोणी." पुढचा दीड तास मी कधी विसरणार नाही. त्या आजीला आमच्या बायकांनी हळदीकुंकू लावलं, वाणाचा डबा दिला. तिनं त्यात लगेच नूडल्स भरून परत दिल्या. बाळाच्या मुठीत कोणीतरी तिळाचा लाडू ठेवला, आईनं तो हसत काढून घेतला. नेने वहिनी म्हणाल्या, "दर वर्षी असंच करू." मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. वहिनींनी आधीच, लॉबीत उभ्या असतानाच, फोनवरून मॅनेजमेंट कंपनीला तक्रार पाठवली होती. सायमनविरुद्ध त्या हिवाळ्यातली ती तिसरी. आधीच्या दोन बर्फाबद्दलच्या होत्या, पायऱ्यांवर मीठ उशिरा टाकलं वगैरे. तिसरी आली की बोर्डाच्या सभेत निर्णय व्हायचा, आणि नोकरी गेली की फ्लॅटही जायचा. त्याच्या दोन मुली समोरच्या शाळेत जात होत्या.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी काका माझ्याकडे आले. कोट, टाय. चहा घेतला. त्यांनी मला काहीही विचारलं नाही, कसलाही आरोप केला नाही. खिशातून एक कागद काढला. त्यावर त्यांच्या तिरप्या अक्षरात एकाखाली एक तीन वाक्यं होती.

‘मी कळवायला विसरले.’

‘कळवण्यात माझ्याकडून चूक झाली असण्याची शक्यता आहे.’

‘सायमनला कळवल्याची लेखी नोंद सापडत नाही.’

"तिसरं घे," ते म्हणाले. "त्यात तू कुठंच नाहीस. कोणी काही विचारणार नाही. पण सायमनची नोकरी वाचते."

मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला राग आला. "काका, तुम्हाला वाटतं मी खोटं बोलले?"

ते गप्प राहिले. दहाच्या पुढं गेले असावेत. मग म्हणाले, "मी न्यूयॉर्कला असताना एक माणूस समितीपुढं आला होता. अजून मोकळ्या न झालेल्या एका मुलखातून, अर्धा प्रवास पायी करून. त्याच्या गावातून उचलून नेलेल्या बारा माणसांची नावं त्यानं सांगितली. नावं ठेवली तर ठराव अडत होता. मी त्या जागी ‘काही घटना’ असं लिहिलं. ठराव मंजूर झाला. लोकांनी माझी पाठ थोपटली, चांगला मसुदा म्हणून. तो माणूस छापील कागद घेऊन आला आणि मला विचारलं, साहेब, नावं कुठल्या पानावर आहेत." त्यांनी चहाचा कप बशीत नीट मधोमध ठेवला. "त्यानंतर मी पुष्कळ चांगलं काम केलं, बाय. पण ते पान मला अजून सापडलेलं नाही."

मी म्हटलं, "एवढं मोठं करू नका हो. फक्त वॉर्निंग देतील."

त्यांनी कागद टेबलावरच ठेवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सभेत वॉर्निंगची भाषा कोणीच काढली नाही. कंपनीच्या माणसानं तिन्ही तक्रारी वाचल्या आणि म्हणाला, नवा सुपर महिन्याभरात मिळेल. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं, "सेक्रेटरीनं कळवलं होतं ना?" मी मान हलवली. होकार की नकार, मलाही सांगता येणार नाही. पण तिथं तिचा एकच अर्थ घेतला गेला.

काका कोपऱ्यात बसले होते. त्यांनी रहिवासी म्हणून दोन मिनिटं मागितली आणि उभे राहिले.

"सायमनपर्यंत निरोप पोचला नाही, हे नक्की," ते इंग्रजीत म्हणाले. "मी रोज अकरा ते एक त्याच्या डेस्कशेजारी बसतो आणि बिल्डिंगचे निम्मे निरोप माझ्याकडून जातात. आणि मी ब्याऐंशी वर्षांचा आहे."

एवढं बोलून बसले.

खोलीतले चेहरे मऊ झाले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "ओह डिअर. असू द्या, सर. होतं असं सगळ्यांचंच." कंपनीच्या माणसानं फाइल मिटली. सायमनची नोकरी राहिली.

काकांची ती तिन्ही वाक्यं खरी होती. मी निरोप काकांकडे दिला होता असं ते म्हणाले नाहीत. आपण विसरलो असंही म्हणाले नाहीत. ते मी लिहिलं. सभेचं इतिवृत्त, आम्ही ज्याला मिनिट्स म्हणतो, ते लिहिणं माझं काम. मी लिहिलं, ‘सचिवांनी दिलेला निरोप संबंधित रहिवासी वयोमानामुळे विसरले. तक्रार रद्द.’ ‘वयोमानामुळे’ हा शब्द माझा. मला तो समंजस वाटला होता.

मिनिट्सचा मसुदा दर वेळी काका वाचायचे, पेन्सिलीनं खुणा करून परत द्यायचे. "माणूस बोलला तेच लिही, बाय. त्याला जे म्हणायचं असेल असं तुला वाटतं, ते नको." त्या वेळी त्यांनी दारात उभ्या-उभ्याच वाचलं. दोनदा. पेन्सिल काढली नाही.

"टायपिंग स्वच्छ आहे," ते म्हणाले आणि कागद परत दिला.

दोन दिवसांनी लिफ्टमध्ये सायमन भेटला. तो दारावरच्या आकड्यांकडे बघत म्हणाला, "मॅम, अंकल काही विसरत नाहीत. माझ्या मुलींचे बर्थडे माझ्याआधी त्यांना आठवतात." माझा मजला आला. मी उतरले.

काकांचा फ्लॅट त्यांच्या मुलीच्या नावावर होता. ती हॅमिल्टनला नर्स आहे, माझ्याच वयाची. मिनिट्स सगळ्या मालकांना ईमेलनं जातात. पाठवते मीच. तिचा फोन आला तेव्हा मी ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन पार्किंगमध्ये उभी होते.

"ताई, मी मिनिट्स वाचले," ती म्हणाली. तिचं मराठी तुटक आहे, चार देशांत वाढलेली. "डॅड निरोप विसरतात? ते आधीपासून क्वाएट असतात, आय नो. पण आता मी काही विचारलं आणि ते गप्प राहिले की मला भीती वाटते. तुम्ही रोज बघता त्यांना. खरं सांगा."

पिशव्या खाली ठेवून एक वाक्य बोलायचं होतं. तिथं साठ बायका नव्हत्या, बोर्ड नव्हतं. मी म्हटलं, "वय झालंय ना आता. आणि एकटे राहतात."

माझीही दोन्ही वाक्यं खरी होती.

दोन महिन्यांत त्यांना हॅमिल्टनच्या एका सीनियर होममध्ये जागा मिळाली. सामान काय न्यायचं याची यादी मीच केली, तीन पानी. काकांनी वाद घातला नाही. लॉबीत चावी माझ्या हातात देताना म्हणाले, "सत्तांतर शांततेत पार पडलं, बाय. नोंद कर." सायमन दार धरून उभा होता. त्या दिवशी ‘शिकामू’ त्यानं आधी म्हटलं, घाईघाईनं, काकांना संधी न देता. काकांनी बराच वेळ त्याचा हात धरून ठेवला.

मी महिन्यातून एकदा ‘गो’ कंपनीच्या बसनं हॅमिल्टनला जायचे. होम स्वच्छ होतं. जेवणाच्या हॉलमध्ये त्यांची जागा ठरलेली होती, भिंतीकडं तोंड. पहिल्याच आठवड्यात त्यांनी खुर्ची उचलली म्हणून त्यांच्या नावापुढं ‘पडण्याचा धोका’ अशी नोंद झाली आणि मनगटात पिवळा पट्टा आला. तिथल्या नर्सेस प्रश्न विचारून तीन सेकंद थांबायच्या आणि उत्तर स्वतःच भरायच्या. काकांचे दहा आकडे तिथं कधी पुरे झाले नाहीत.

एकदा मी धीर करून विचारलं, "तुम्ही त्या दिवशी मिनिट्स दुरुस्त का नाही केलेत?"

"केले असते तर सायमनची फाइल परत उघडली असती," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, "आणि तुला वेळ हवा होता. काही लोकांना लागतो."

"मी तुमच्या मुलीला सांगते सगळं."

"सांग," ते म्हणाले. "घाई नाही."

मी प्रत्येक भेटीत ठरवलं, पुढच्या वेळी. पुढच्या हिवाळ्यापर्यंत ते खरोखरच विसरायला लागले. आधी आठवड्याचे वार, मग माझं नाव. तिथं राहून झालं की तसंही होणारच होतं, ते मला कुठला डॉक्टर सांगणार. ‘बाय’ मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, पण ते सगळ्यांनाच म्हणायचे.

गेल्या मार्चमध्ये ते गेले. हॅमिल्टनच्या चर्चमध्ये अंत्यविधीचा मास झाला, खालच्या हॉलमध्ये कॉफी आणि सँडविच. वीसेक माणसं असतील. सायमन बायकोमुलींना घेऊन आला होता. वसईहून एक पुतण्या आला होता, तो सगळ्यांना सांगत होता की काका फार मोठे ॲम्बॅसिडर होते. कोणी दुरुस्त केलं नाही.

मुलगी कोटांच्या रॅकपाशी एकटी होती. मी तिथं जाऊन सांगितलं. हळदीकुंकू, टिक, लॉबी, तीन वाक्यांचा कागद, मी लिहिलेलं चौथं वाक्य. वीस वेळा मनात म्हणून ठेवलेलं असल्यामुळे पाच मिनिटांतच संपलं. तिच्या हातात त्यांचा करडा कोट होता, होममधून आणलेला, आणि ती त्याची कॉलर सरळ करत होती.

"त्यांनी मला का नाही सांगितलं?" ती शेवटी म्हणाली.

"तुम्ही विचारलं होतं का त्यांना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. कितीतरी वेळ. मग म्हणाली, "नाही. मी तुम्हाला विचारलं होतं."